स्फटिकी अनुनादकाची कळ

प्रकाशाला एका जागी कोंडून ठेवण्याचे जे मोजके मार्ग भौतिकशास्त्राला सापडले आहेत, त्यांपैकी दिसायला सर्वांत साधा मार्ग म्हणजे पारदर्शक स्फटिकाची एक-दोन मिलिमीटरांची गोल चकती घेऊन तिची कड इतकी गुळगुळीत करणे, की आत शिरलेला प्रकाश त्या कडेला आतून चिकटून फिरत राहावा. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे निघालेला किरण पृष्ठभागावर पुरेसा तिरका पडला, तर तो बाहेर न पडता सगळाच्या सगळा आत परततो. या संपूर्ण आंतरिक परावर्तनामुळे चकतीची कड हीच प्रकाशाची भिंत होते आणि तिला निराळा आरसा लावावा लागत नाही. मात्र वाटेल तो प्रकाश असा टिकत नाही. एक फेरी पुरी करून आलेली लहर मागून येणाऱ्या लहरीशी तंतोतंत जुळली, म्हणजे फेरीच्या लांबीत तरंगलांबी पूर्णांकाने बसली, तरच प्रकाश आत साठत जातो. ज्या वारंवारतांना हे घडते त्या चकतीच्या अनुनाद वारंवारता, आणि चकती हा प्रकाशीय सूक्ष्म-अनुनादक. या वारंवारता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतात: चकतीची त्रिज्या, आणि स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरल्यावर प्रकाश किती पटींनी मंदावतो तो आकडा. विजेच्या साहाय्याने या दोहोंपैकी एकाला किंचित हलवता आले तर अनुनाद हवा तिकडे सरकवता येतो. ही कळ कशी बसवावी, आणि मुळात बसवावी की नाही, हा पुढील वादाचा विषय आहे.

ही कल्पना प्रकाशाच्या आधी ध्वनीच्या अभ्यासात आली. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटात भिंतीलगत केलेली कुजबुज समोरच्या टोकाला कशी ऐकू येते, याचा उलगडा लॉर्ड रॅले यांनी केला; ध्वनी मधला अवकाश ओलांडून जात नाही, तर वक्र भिंतीला धरून सरकतो, हे त्यांनी दाखवले आणि १९१० मध्ये त्याचे गणित मांडले. पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१-२२च्या सुमारास भारतातील अशा वास्तूंकडे लक्ष वळवले, आणि त्यांत विजापूरचा गोलघुमट होता. मुहंमद आदिलशाहाच्या या कबरीवरील घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. मराठी वाचकाला गोलघुमट ठाऊक असतो तो प्रतिध्वनीसाठी. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र तेथील सज्जाला धरून चालणारी कुजबुज अधिक मोलाची, कारण स्फटिकाच्या चकतीतला प्रकाश नेमका तसाच वागतो आणि त्या प्रकाराला आजही कुजबुज-सज्जाचेच नाव आहे. १९८९ मध्ये मॉस्कोत व्लादिमीर ब्रागिन्स्की, मिखाईल गोरोदेत्स्की आणि व्लादिमीर इल्चेन्को यांनी वितळलेल्या सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांत प्रकाश असा खेळवला. त्यानंतर काचेची जागा स्फटिकांनी घेतली.

हा वाद मानखुर्दला घडतो आहे अशी कल्पना करण्यास कारण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. लगतच अणुशक्तिनगर आणि त्यापलीकडे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, जेथे किरणोत्सार मोजण्यासाठी सोडियम आयोडाइड, सीझियम आयोडाइड यांसारखे एकस्फटिक वाढवण्याची परंपरा आहे. आणि उत्तरेला पवईच्या आयआयटीकडे, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेतील संवेदन आणि मापनशास्त्र यांचे केंद्र सोपवण्यात आले आहे. स्फटिक वाढवणारे हात आणि सूक्ष्म मापनाची सर्किटे जुळवणारे हात एकाच शेजारात असले, की त्यांच्यात मतभेद होणे अटळ असते. वादातली दोन्ही माणसे काल्पनिक आहेत: एक निवृत्तीला आलेले स्फटिकतज्ज्ञ, ज्यांची हयात भट्टीसमोर गेली आहे, आणि दुसऱ्या नियंत्रण-सर्किटांच्या अभियंता, ज्यांना स्फटिक हा सर्किटातला एक घटक वाटतो.

स्फटिकतज्ज्ञ : मॅडम, आपण ज्याला हलवू पाहता ते किती नाजूक आहे याचा आधी हिशेब व्हावा. मॅग्नेशियम फ्लोराइडची एक मिलिमीटर त्रिज्येची चांगली घासलेली चकती घ्या. तिचा गुणता-घटक, म्हणजे अनुनादाची वारंवारता भागिले त्या अनुनादाची रुंदी, अब्जापर्यंत सहज जातो. दूरसंचारात वापरतात त्या १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता १९३ टेराहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १९३ लाख कोटी आवर्तने. तिला अब्जाने भागले की अनुनादाची रुंदी २०० किलोहर्ट्झपेक्षाही कमी भरते. त्रिज्येत एक पिकोमीटरचा फरक पडला, जो अणूच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी आहे, की अनुनाद आपल्या पूर्ण रुंदीइतका बाजूला गेलेला असतो. इतक्या काटेकोर वस्तूला तारा जोडण्याची घाई कशाला?

अभियंता : सर, त्याच आकड्यांचा उलटा अर्थही निघतो. त्रिज्या एका पिकोमीटरपर्यंत अचूक ठेवून चकती घासणे कोणत्याही लेथवर, हिऱ्याच्या कोणत्याही भुकटीने शक्य नाही. म्हणजे तयार झालेल्या चकतीचा अनुनाद नेमका कोठे पडेल हे बनवणाऱ्याच्या हातात नसते, आणि जे बनवताना साधत नाही ते नंतर विजेने साधावे लागते. कळ नसलेली चकती उत्तम असेल, पण ती चुकीच्या जागी उत्तम असेल.

या पहिल्या चकमकीत दोघांनी एकच वस्तुस्थिती दोन टोकांनी धरली आहे. गुणता-घटकाचा दुसरा अर्थ काळाच्या भाषेत सांगता येतो: अब्ज गुणता-घटकाच्या चकतीत प्रकाश सुमारे ०.८ मायक्रोसेकंद टिकतो, आणि मॅग्नेशियम फ्लोराइडचा अपवर्तनांक १.३७ असल्याने तेवढ्या वेळात तो सुमारे १८० मीटर चालतो, म्हणजे सहा मिलिमीटरांच्या परिघावर २८ हजारांहून अधिक फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत पृष्ठभागावरच्या खाचाखोचा, स्फटिकातली अशुद्धी आणि कडेला बसलेला ओलावा थोडा थोडा प्रकाश खातात. सिलिकाच्या गोळ्यांचा सर्वोच्च गुणता-घटक उघड्या हवेत काही मिनिटांतच घसरतो, कारण हवेतील पाण्याचा पातळ थर पृष्ठभागावर बसतो. ठाण्याच्या खाडीकाठी पावसाळ्यात प्रयोगशाळा चालवणाऱ्याला यावर भाष्य लागत नाही. फ्लोराइडचे स्फटिक या बाबतीत पुष्कळ सोशिक ठरले. २००७ मध्ये कॅल्शियम फ्लोराइडची चकती पुनःपुन्हा तापवून आणि घासून तिचा गुणता-घटक ३० हजार कोटींपर्यंत नेल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी नोंदवले. स्फटिकतज्ज्ञांच्या अभिमानामागे असे आकडे आहेत.

स्फटिकतज्ज्ञ : बरे, कळ हवी असे धरून चालू. ती कोणती?

अभियंता : विद्युत्क्षेत्राची. फ्रीड्रिख पॉकेल्स यांनी १८९३ मध्ये ज्याचा सविस्तर अभ्यास केला, तो परिणाम: काही स्फटिकांवर विद्युत्क्षेत्र लावले की त्यांचा अपवर्तनांक क्षेत्राच्या प्रमाणात बदलतो. चकतीच्या वर आणि खाली धातूचा मुलामा द्यावा, दोहोंत व्होल्टता लावावी, काम झाले. काही हलत नाही, काही तापत नाही.

स्फटिकतज्ज्ञ : काही स्फटिकांवर, हे महत्त्वाचे. फ्लोराइडवर नाही.

येथे थोडे थांबायला हवे, कारण साऱ्या वादाचे मूळ या एका वाक्यात आहे आणि त्याचा युक्तिवाद प्रयोगाशिवाय, नुसत्या विचाराने कळणारा आहे. कॅल्शियम फ्लोराइड आणि मॅग्नेशियम फ्लोराइड यांच्या अणुरचनेला सममितीकेंद्र असते, म्हणजे एका बिंदूतून सारी रचना उलटी केली तरी ती पूर्वीसारखीच दिसते. आता क्षेत्र वरून खाली लावल्याने अपवर्तनांक काही प्रमाणात वाढला असे समजावे. बदल क्षेत्राच्या प्रमाणात असेल, तर क्षेत्र खालून वर केल्यावर अपवर्तनांक तितकाच घटला पाहिजे. परंतु अशा स्फटिकाला वर आणि खाली यांतला फरक मुळी नाहीच, तेव्हा दोन्ही वेळी बदल सारखाच असला पाहिजे. दोन्ही अटी एकदम पाळणारा बदल एकच: शून्य. क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात होणारा बदल उरतो खरा, पण तो इतका क्षीण असतो की साध्या व्होल्टतांना त्याचा उपयोग होत नाही. याउलट लिथियम निओबेटमध्ये लिथियम आणि निओबियम यांचे आयन ऑक्सिजनच्या चौकटीत मध्यावर न बसता एका अक्षाच्या दिशेने सरकलेले असतात, त्यामुळे त्या स्फटिकाला एक स्वतःची दिशा असते, आणि त्या दिशेला लावलेल्या क्षेत्राला तो प्रतिसाद देतो. तेव्हा कळ असणे म्हणजे रचनेत असमतोल असणे. स्फटिकतज्ज्ञांना तो दोष दिसतो आणि अभियंत्यांना संधी.

अभियंता : लिथियम निओबेटची एक दशांश मिलिमीटर जाडीची चकती घ्या, तिचा अक्ष जाडीच्या दिशेने ठेवा. अपवर्तनांक २.१४, आणि विद्युत्-प्रकाशीय गुणांक व्होल्टमागे सुमारे ३१ पिकोमीटर. हिशेब केला तर एका व्होल्टला अनुनाद जवळजवळ १३७ मेगाहर्ट्झ सरकतो. क्षेत्राने स्फटिक आकारानेही किंचित बदलतो, पण तो भाग शंभरात एक-दोन एवढाच. एक मिलिमीटर त्रिज्येच्या चकतीत लगतच्या दोन अनुनादांतले अंतर २२ गिगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे १६० व्होल्टच्या थोडे पुढे गेले की एक अनुनाद शेजारच्या अनुनादाच्या जागी जाऊन बसतो. मग त्या पट्ट्यातली कोणतीही वारंवारता मागा, चकती ती देऊ शकते, कारण एक अनुनाद हद्द सोडतो तेव्हा दुसरा आत आलेला असतो.

स्फटिकतज्ज्ञ : आणि गुणता-घटक?

अभियंता : दहा ते वीस कोटी.

स्फटिकतज्ज्ञ : म्हणजे फ्लोराइडच्या दहाव्या हिश्शावर आपण उतरलात, आणि तेही सर्व काही उत्तम साधले तर. फ्लोराइडला कळ नाही असे कोणी सांगितले? खाली एक छोटा हीटर ठेवा. मॅग्नेशियम फ्लोराइडचा अनुनाद तापमानाच्या एका अंशाला सुमारे दोन गिगाहर्ट्झ सरकतो, मुख्यतः चकती प्रसरण पावते म्हणून. सतरा-अठरा अंशांत तो ३५ गिगाहर्ट्झचे, म्हणजे दोन अनुनादांमधले सबंध अंतर कापतो. घाई असेल तर वरून दाबविद्युत् पदार्थाचा ठोकळा बसवा, ज्याला व्होल्टता दिली की तो फुगतो, आणि तो चकतीला दाबेल. या दोन्ही कळा विजेच्याच आहेत, आणि स्फटिकाच्या शुद्धतेला हात न लावता चालतात.

अभियंता : हीटरला किती वेळ लागतो ते सांगा. मिलिमीटरभर स्फटिकातून उष्णता पसरायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी हवाच, आणि खालची बैठक स्थिर व्हायला त्याहून किती तरी जास्त. शिवाय सरांच्याच आकड्याने पाहिले तर एका अंशाच्या दहा हजाराव्या भागाने अनुनाद आपल्या रुंदीएवढा हलतो. म्हणजे हीटरने चालवायची चकती अंशाच्या लाखाव्या भागापर्यंत स्थिर धरावी लागेल. राहिला दाबाचा ठोकळा. तो चकतीला स्पर्श करतो. हार्बर लाइनची गाडी मानखुर्द स्टेशनात शिरते तेव्हा, सायन-पनवेल रस्त्यावरून ट्रेलर जातात तेव्हा, जी थरथर जमिनीतून टेबलात येते ती त्याच ठोकळ्यातून स्फटिकात जाते. आणि त्या ठोकळ्याला स्वतःचे कंप आहेत. काही किलोहर्ट्झ ते काही दशक किलोहर्ट्झच्या पुढे त्याच्याकडून इमानदारीची अपेक्षा करता येत नाही.

तापमानाच्या कळेचा एक गुण अभियंत्यांनी वगळला, तो लेखनाच्या न्यायासाठी नोंदवला पाहिजे: हीटर चालू ठेवला तर तो दिवसचे दिवस एकाच बाजूला ओढून धरू शकतो, आणि त्याने स्फटिकात काही साचत नाही. विद्युत्क्षेत्राच्या कळेला हे साधत नाही, आणि स्फटिकतज्ज्ञांनी आपला सर्वांत बळकट मुद्दा याच ठिकाणासाठी राखून ठेवला होता.

स्फटिकतज्ज्ञ : लिथियम निओबेट १९६५च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत वितळलेल्या द्रवातून ओढून वाढवला गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत आर्थर ऍश्किन आणि सहकाऱ्यांनी त्याचा दोष दाखवला. तीव्र प्रकाश ज्या वाटेने जातो तेथील अशुद्धींतून इलेक्ट्रॉन सुटतात, अंधाऱ्या भागात जाऊन अडकतात, त्यातून आतल्या आत विद्युत्क्षेत्र तयार होते, आणि आपण जिचे कौतुक करता तीच पॉकेल्स यांची कळ ते क्षेत्र दाबू लागते. प्रकाशच प्रकाशाची वाट वाकडी करतो. साध्या चिपेत हे चालून जाईल. पण आपल्या चकतीत एक मिलिवॅट प्रकाश घातला, तर साठत साठत फिरणारा प्रकाश तीन-साडेतीन वॅटचा होतो, तोही केसापेक्षा अरुंद वाटेत. शिवाय आपण बाहेरून स्थिर व्होल्टता लावून ठेवली, की आतले विद्युत्भार हळूहळू सरकून तिला झाकून टाकतात. सकाळी लावलेले शंभर व्होल्ट संध्याकाळी तेवढेच काम करतील याची हमी नाही. तापमान बदलले तर अक्षाच्या दोन टोकांना आपोआप भार जमतो तो वेगळाच. स्फटिकाला दिशा दिलीत, तर त्या दिशेने जे जे काही येईल ते सगळे आत घ्यावे लागेल.

अभियंता : पहिल्या दोषावर उपाय जुना आहे: वाढवतानाच सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम मिसळले की प्रकाशाने होणारा हा बिघाड पुष्कळ कमी होतो. बाकीच्या दोषांविषयी म्हणणे असे, की ते मंद आहेत. मंद चूक मोजता येते, आणि मोजता आली की सुधारता येते. लेसर आणि अनुनादक यांतला फरक विद्युत् संकेतात बदलून तो शून्यावर आणत राहण्याची पद्धत रॉन ड्रेव्हर, जॉन हॉल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली आणि आज ती प्रत्येक चांगल्या लॅबमध्ये आहे. त्या पद्धतीत लेसरच्या प्रकाशावर मोजमापाची खूण उमटवायला बहुधा लिथियम निओबेटचाच स्फटिक असतो, हे सरांनी विसरू नये.

स्फटिकतज्ज्ञ : विसरलो असे कसे होईल? पण त्या पद्धतीत सुधारले जाते ते कोणाला? लेसरला. लेसरचा प्रवाह किंचित कमी-जास्त केला की त्याची वारंवारता सरकते. स्फटिक जागेवर राहतो आणि लेसर त्याच्यामागे येतो. मग स्फटिकाला कळ हवी कशाला?

हा प्रश्न वादातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देताना अभियंत्यांना पुण्यापर्यंत जावे लागले. एक लेसर आणि एक अनुनादक एवढाच संसार असेल, तर स्फटिकतज्ज्ञांचे म्हणणे बिनतोड आहे. परंतु मापनशास्त्रात बहुतेकदा तिसरा कोणीतरी असतो, आणि तो हलत नाही. पुण्यात आयुका आणि आयसर या संस्थांमध्ये प्रकाशीय घड्याळांच्या दिशेने काम चालते. अशा घड्याळाचा आधार असलेल्या अणूची वारंवारता निसर्गाने ठरवून दिलेली असते आणि तिच्याशी वाटाघाट करता येत नाही. लेसर स्फटिकाला बांधला आणि स्फटिक अणूपासून पाच गिगाहर्ट्झ दूर असला, तर ते अंतर कोणीतरी भरून काढावे लागते. प्रकाशाची वारंवारता ध्वनिलहरींच्या साहाय्याने काहीशे मेगाहर्ट्झ सरकवणारी उपकरणे सर्रास मिळतात, पण गिगाहर्ट्झची झेप त्यांच्या आवाक्यात सहज येत नाही. दुसरे उदाहरण प्रकाश-कंगव्याचे: मॅग्नेशियम फ्लोराइडच्या चकतीत एकाच लेसरच्या प्रकाशातून समान अंतरावरच्या शेकडो वारंवारता निर्माण होतात, आणि २०१४ मध्ये अशा चकतीत स्वतःचा आकार टिकवून फिरणारे प्रकाशस्पंद, म्हणजे सॉलिटॉन, दाखवले गेले. ती अवस्था गाठायला लेसर आणि अनुनाद यांतले अंतर ठरावीक वेगाने ओलांडावे लागते, आणि चकती त्याच वेळी प्रकाशाने तापून आपली जागा सोडत असते. येथे लेसर पळवायचा की अनुनाद, हा आवडीचा नव्हे तर वेगाचा प्रश्न होतो. तिसरे उदाहरण क्वांटम संगणकाचे: त्यातील सूक्ष्मलहरींचा संकेत अशा चकतीतून थेट प्रकाशात उतरवायचा असेल, तर दोन अनुनादांमधले अंतर सूक्ष्मलहरीच्या वारंवारतेशी जुळावे लागते आणि माध्यमाला पॉकेल्स परिणाम असावाच लागतो; जर्मनीत एर्लांगेन येथे २०१६ मध्ये लिथियम निओबेटच्या चकतीतच हे करून दाखवण्यात आले. या तिसऱ्या कामात फ्लोराइडला उमेदवारीच नाही, आणि स्फटिकतज्ज्ञांनी त्याला हरकत घेतली नाही.

स्फटिकतज्ज्ञ : कळ लागते तेथे लागते, हे मान्य. हरकत वेगळी आहे. एका व्होल्टला १३७ मेगाहर्ट्झ, हे आपण गुण म्हणून सांगितले. त्याच नियमाने एका मायक्रोव्होल्टच्या खरखरीला १३७ हर्ट्झ. आपला व्होल्टतेचा पुरवठा, त्याच्या तारा, शेजारच्या मशीनचे चुंबकत्व, सगळे त्या तारेतून आत येईल. कळ जितकी हलकी, तितके ते दार उघडे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जी गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे, तिच्यासारख्या यंत्रणेत चार किलोमीटर लांबीच्या भुजा प्रकाशीय अनुनादकच आहेत. तेथे आरसे ज्या निगुतीने एकटे सोडले जातात ती पाहा, म्हणजे स्थिरता कशाला म्हणतात ते कळेल.

अभियंता : ते आरसे एकटे सोडलेले नाहीत, सर. चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेल्या त्या आरशांना वरच्या टप्प्यांवर चुंबक आणि वेटोळी लावलेली असतात, आणि शेवटच्या आरशाला मागून विद्युत्क्षेत्राने ओढतात. त्या कळा नसत्या तर भुजा अनुनादात क्षणभरही राहिल्या नसत्या. मोठी ओढ वरून आणि सावकाश, लहान ओढ खालून आणि चटकन.

स्फटिकतज्ज्ञ : आणि खालची ओढ मुद्दाम दुबळी ठेवलेली, हे आपण गाळलेत. दाराची फट जितकी लागते तितकीच.

भारत सरकारने हिंगोलीच्या वेधशाळेच्या २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली, आणि त्यातील एक भागीदार असलेले अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय अणुशक्तिनगरातच आहे. तेव्हा मानखुर्दच्या वादात हिंगोलीचे नाव निघणे स्वाभाविक. पण संबंध त्याहून जवळचा आहे. सूक्ष्म गोळ्यांत प्रकाश फिरवणारे ब्रागिन्स्की हेच गुरुत्वीय लहरींच्या शोधातील अमेरिकी प्रकल्पाचे मॉस्कोतील सहकारी होते, आणि ज्या ड्रेव्हर यांच्या नावाची बांधणी-पद्धत अभियंत्यांनी सांगितली ते त्या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक. ब्रागिन्स्की यांनी सहकाऱ्यांसह २००० मध्ये दाखवले, की आरशाचे किंवा स्फटिकाचे तापमान सरासरीने कितीही स्थिर ठेवले, तरी त्याच्या लहानशा भागाचे तापमान आपोआप थरथरत असते, ती थरथर अपवर्तनांकात उतरते, आणि तिला कोणत्याही पेटीत कोंडता येत नाही. हा मुद्दा आला आणि वादाला एकदम हिशेबाची धार आली.

अभियंता : मग दाराची फट किती असावी हे स्फटिकालाच विचारू. चकतीत प्रकाशाने व्यापलेली जागा काही सहस्रांश घन मिलिमीटर एवढी धरा. तेवढ्या स्फटिकाचे तापमान आपोआप एका अंशाच्या कोटीव्या भागाच्या तीन-चार पट एवढे हलत राहते. लिथियम निओबेटचा अपवर्तनांक तापमानाला चांगलाच संवेदनशील आहे, म्हणून एवढ्याशा थरथरीने अनुनाद सुमारे एक किलोहर्ट्झ मागेपुढे होतो. व्होल्टतेच्या भाषेत ते आठ-नऊ मायक्रोव्होल्ट झाले. त्याहून शांत पुरवठा बनवणे कठीण असले तरी अशक्य नाही. म्हणजे गोंगाट सरांनी म्हटलेल्या दारातून येत नाही, तो घरातलाच आहे.

स्फटिकतज्ज्ञ : हाच हिशेब फ्लोराइडसाठी करा.

अभियंता : सुमारे पन्नास हर्ट्झ.

स्फटिकतज्ज्ञ : वीस-पंचवीस पट शांत. कारण त्याच्या अपवर्तनांकाला तापमानाचे फारसे सोयरसुतक नाही, तसेच क्षेत्राचेही नाही. आपण जिला दुर्बलता म्हणत होता तिचीच ही दुसरी बाजू.

हा हिशेब ढोबळ आहे आणि चकतीच्या आकारानुसार आकडे बदलतील, परंतु त्यांतले प्रमाण खरे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते स्फटिकतज्ज्ञांचा पदार्थाविषयीचा निर्णय बरोबर आहे आणि कामाच्या क्रमाविषयीचा चुकलेला आहे. कळेचा विचार चकती घासून झाल्यावर करता येत नाही: लिथियम निओबेटचा अक्ष चकतीच्या प्रतलाला लंब ठेवायचा की तिच्या प्रतलात, हे कापतानाच ठरते, प्रकाशाचे ध्रुवण अक्षाच्या दिशेने नसेल तर ३१ पिकोमीटरचा गुणांक हाती न येता त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा येतो, आणि जाडी कमी केली तर व्होल्टता वाचते, पण धातूचा मुलामा प्रकाशाच्या वाटेजवळ येऊन गुणता-घटक खातो. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या स्फटिकाला पुढे काय करायचे आहे हे भट्टीसमोर बसणाऱ्याला आधी ठाऊक हवे, आणि आपल्याकडे या दोन कामांची माणसे एकमेकांना बहुधा उशिरा भेटतात.

वाद मिटला नाही, पण त्याची जागा बदलली. स्फटिकतज्ज्ञांनी शेवटी दोन चकत्यांची योजना पुढे केली: कळ नसलेली फ्लोराइडची चकती संदर्भ म्हणून एका निर्वात पेटीत, आणि कळ असलेली निओबेटची चकती कामाला; दुसरीने पहिलीकडे पाहून स्वतःला सुधारत राहावे. अभियंत्यांना ती योजना पटली, परंतु सुधारणा किती वेगाने व्हावी यावर पुन्हा मतभेद झाला. फ्लोराइडची चकती मंद गतीने, पेटीच्या तापमानाबरोबर सरकणारच, तेव्हा सेकंदांच्या पल्ल्यावर तिच्यावरही विसंबू नये आणि तेथे अणूचा आधार घ्यावा, असे अभियंत्यांचे म्हणणे. पेटी नीट बांधली तर तासाभरापर्यंत तिच्यावर विसंबायला हरकत नाही, असे स्फटिकतज्ज्ञांचे. वेगवान टोकाला, निओबेटची स्वतःची थरथर दडपायची असेल तर बांधणीचा पट्टा, म्हणजे सुधारणा ज्या वारंवारतेपर्यंत पोचते ती मर्यादा, काही दशक किलोहर्ट्झपर्यंत न्यावा लागेल, हे दोघांनाही मान्य झाले. तो पट्टा तेवढा नेणे दाबाच्या ठोकळ्याला झेपत नाही आणि हीटरला तर नाहीच. ते काम क्षेत्राच्या कळेचे आहे, आणि तिच्यासाठी मायक्रोव्होल्टच्या आतला पुरवठा कोण बांधणार, यावर बोलणे येऊन थांबले.